सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदाराने बायर पर्सोना कसा तयार करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, थोड्या जेकार्ड चादरीही निघतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती चालू आहेत. व्हॉट्सॲपवर रोज "रेट सांगा" येतं, रेट पाठवला की समोरचा गप्प. जाहिराती करून देणाऱ्याने बायर पर्सोनाचा, म्हणजे नमुना-गिऱ्हाईकाच्या वर्णनाचा फॉर्म दिला: वय, लिंग, उत्पन्न, आवडीनिवडी. तो भरला, पण विक्रीत फरक नाही. मग पर्सोना नेमका करायचा कसा?

त्या फॉर्ममध्ये खरेदीबद्दल एकही प्रश्न नव्हता, म्हणून फरक पडला नाही. "पुरुष, वय ३५ ते ५०, महिना ४० हजार, क्रिकेटची आवड" या वर्णनात पंढरपूरचा लॉज-मॅनेजर बसतो, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत असलेला बार्शीचा शेतकरी बसतो आणि लातूरचा कापड दुकानदारही बसतो. तिघंही टॉवेलच घेतात. पण तिघांना एकच फोटो, एकच रेट आणि एकच मेसेज पाठवला तर तिघांपैकी एकालाही तो आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. पर्सोना म्हणजे एका प्रकारच्या खरेदीचं वर्णन. गरज कशाने पडली, कोणी ठरवलं, कशाची भीती होती, आणखी कुठे चौकशी केली, काय बघून होकार दिला. वय आणि उत्पन्न यातल्या एखाद्या उत्तरावर परिणाम करत असेल तरच लिहायचं.

सुरुवात बिलांपासून करा. टॅलीतून (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) मागच्या १८ महिन्यांची विक्री एक्सेलमध्ये काढा. बारा महिन्यांत एखादी लग्नसराई अर्धीच सापडते, १८ महिन्यांत हंगामाचा फरक नीट दिसतो. रकाने एवढेच ठेवा: पार्टी, गाव, तारीख, माल (साइज, वजन, रंग), नग, रक्कम, पैसे किती दिवसांनी आले, किती माल परत आला. त्यापुढे एक रकाना हाताने भरायचा, तो म्हणजे खरेदीचा प्रकार: लॉज-हॉटेल, दुकानदार, आहेर, दवाखाना, सलून, सत्कार-कार्यक्रम, किरकोळ. चारपाचशे बिलं असतील तर हे दोन दिवसांचं काम आहे आणि ते मालकाने किंवा पार्ट्या ओळखणाऱ्या जुन्या माणसानेच करावं. नवख्याला "श्री गणेश एंटरप्रायझेस" हे दुकान आहे की लॉज, ते बिलावरून कळणार नाही.

मग प्रत्येक प्रकारात सूट, भाडं आणि उधारी वजा जाता काय उरतं ते बघा. उधारीचा खर्च बहुतेक जण मोजतच नाहीत. १ लाखाचा माल ९० दिवसांच्या उधारीवर गेला आणि तुमचं बँकेचं व्याज १२ टक्के असेल, तर जवळपास ३,००० रुपये तिथेच गेले. विक्रीत पहिला असलेला गट उरणाऱ्या पैशात पहिला असेलच असं नाही. ज्या दोन गटांत पैसा उरतो आणि आणखी गिऱ्हाईक मिळण्यासारखं आहे, त्यांचेच पर्सोना आधी करा. एवढ्या कारखान्याला दोन पुरेत, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. सात-आठ पर्सोनांची देखणी फाइल झाली की ती कोणी उघडत नाही.

आता मुलाखती, आणि सगळी मेहनत इथेच घालायची आहे. प्रत्येक गटातल्या सहा-सात जणांशी बोला. त्यातले तीन-चार मागच्या तीन-चार महिन्यांत माल घेतलेले हवेत, कारण त्याहून जुनी खरेदी माणसाला नीट आठवत नाही. दोन जण असे हवेत ज्यांनी रेट विचारला आणि घेतलं नाही. त्यांचे नंबर तुमच्या व्हॉट्सॲपवरच आहेत. एखादा आधी घ्यायचा आणि आता बंद झाला, असा शोधा. नुसत्या खूश पार्ट्यांशी बोललात तर आपलं काय बरोबर आहे एवढंच ऐकायला मिळेल, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असतं. सहाव्या-सातव्या माणसाकडून नवं काही निघेनासं झालं की थांबा. नवं निघत राहिलं तर बहुधा दोन वेगळे गट एकात मिसळले आहेत.

बोलणारा माणूस रेट ठरवणारा नसावा. मालक किंवा सेल्समन समोर असला की पार्टी बोलता बोलता भाव पाडायला लागते. घरातली शिकलेली मुलगी, सून, अकाउंट बघणारा मुलगा, कोणीही चालेल. आपल्याकडे भाषेचाही विचार करा. सोलापूरच्या पूर्व भागातला व्यापारी तेलुगूत मोकळा होतो, अक्कलकोट आणि कलबुर्गीकडचा कन्नडमध्ये. माणूस स्वतःच्या भाषेत तक्रार नेमकी करतो, दुसऱ्या भाषेत "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा आणि कशासाठी ते सांगा. २५ मिनिटं भरपूर होतात.

प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीबद्दलच विचारा. "आम्ही असा टॉवेल काढला तर घ्याल का?" याला सगळे हो म्हणतात, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी "मागच्या वेळी टॉवेल घेतले ते सुरुवातीपासून सांगा, कशावरून विषय निघाला?" इथून सुरू करा. मग आधी काय वापरत होता, त्यात काय बिघडलं, आणखी कुठे विचारलं, कुठे घोडं अडलं, शेवटचा होकार कोणाचा होता, माल आल्यावर पहिल्यांदा काय तपासलं. भावाचा विषय तुम्ही काढू नका, तो आपोआप येतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "माल चांगला पाहिजे". ते लिहून घेऊन पुढे गेलात तर मुलाखत वाया गेली. समोर लॉजचा मॅनेजर असेल तर असं खोदायचं:

"चांगला म्हणजे कसा, साहेब?"
"मऊ राहिला पाहिजे. मागचे कडक झाले."
"कधी लक्षात आलं?"
"चार-पाच धुण्यांनंतर. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन बोलायला लागलं."
"धुणं कुठे होतं?"
"वरच गच्चीवर मशीन आहे. बोअरचं पाणी."
"मग तुम्ही काय केलं?"
"पावडर वाढवली. तरी तेच. मग मालकच म्हणाले, दुसरीकडून बघा."

चार प्रश्नांत किती हाती लागलं बघा. पार्टी तुटली ती भावावरून तुटली नाही. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात, त्यात पावडर वाढवली की ती नीट निघत नाही, पाईलमध्ये (टॉवेलवरच्या उभ्या धाग्यांच्या फाशांत) बसते आणि टॉवेल आणखी कडक होतो. मॅनेजरला वाटलं माल खराब. पावडर कमी करा, एकदा जास्त खळबळा, सॉफ्टनर सारखा वापरू नका कारण त्याने टॉवेल पाणी कमी शोषतो, एवढं लिहिलेला मराठी-हिंदी कागद गठ्ठ्यात घातला असता तर पार्टी टिकली असती. शिवाय ठरवणारे दोघं आहेत हेही कळलं: तक्रार मॅनेजर ऐकतो, पुरवठादार मालक बदलतो.

प्रत्येक मुलाखत त्याच दिवशी एका ओळीत उतरवा: निमित्त काय, कोणी ठरवलं, आणखी कुठे विचारलं, भीती कशाची, काय बघून होकार, पैसे कसे दिले आणि त्यांचे स्वतःचे शब्द. शेवटचा रकाना जसाच्या तसा ठेवा. "गिऱ्हाईक काउंटरवर येऊन बोलतं" याचं "ग्राहक समाधानाचा प्रश्न" असं करू नका. जाहिरातीत पुढे हेच शब्द वापरायचे आहेत. सगळ्या ओळी भरल्या की निमित्त आणि भीती हे दोन रकाने बघून गट पाडा. बिलांच्या वेळी पाडलेले प्रकार इथे बदलू शकतात आणि बदलले तर बदलू द्या. अक्कलकोटचा भक्तनिवास आणि सोलापुरातल्या सात रस्ता चौकातलं हॉटेल कागदावर एकाच प्रकारात असतील, पण एकाचा निर्णय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत होतो आणि दुसऱ्याचा मालकाच्या एका फोनवर, म्हणजे खरेदी दोन वेगळ्या प्रकारच्या.

आता पान लिहायचं. एका पर्सोनाला एकच पान. खाली दोन नमुने देतो ते मांडणी कळावी म्हणून. मजकूर तुमच्या मुलाखतींतून यायला हवा.

पहिला, तीर्थक्षेत्रातला लॉज-मॅनेजर. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, वीस-पंचवीस खोल्या. निमित्त: मोठ्या गर्दीच्या आधी कपाट उघडल्यावर टॉवेल कमी आणि पिवळट दिसतात. पंढरपुरात आषाढी-कार्तिकी, तुळजापुरात नवरात्र, अक्कलकोटला स्वामींचा प्रकट दिन आणि गुरुपौर्णिमा. गरजेचा हिशोब: २४ खोल्या, खोलीत दोन माणसं म्हणजे ४८, त्याचे तीन संच (एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात) म्हणजे १४४ नग, वर हरवणाऱ्यांसाठी दहा टक्के. माल: पांढरा, ३० बाय ६० इंच, साधारण ४५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे नगाला ५०० ग्रॅमच्या आसपास. भीती: गर्दीच्या आत माल पोचणार नाही. धुण्यात पिवळा पडेल, दोरे ओढले जातील. पुढच्या वेळी तोच पांढरा आणि तीच साइज मिळणार नाही, मग खोल्यांत दोन तऱ्हेचे टॉवेल दिसतील. टॉवेल गिऱ्हाईक घेऊन जातं, म्हणून फार भारी माल मालक घेऊ देत नाही. ठरवतो मॅनेजर, सही मालकाची, आणि लॉन्ड्रीवाल्याचं एक वाक्य दोघांना थांबवू शकतं. होकार कशाने: दोन नमुने हातात, स्वतःच्या मशीनमध्ये पाच वेळा धुऊन बघितलेले. वेळ: गर्दीच्या दीड-दोन महिने आधी. आदल्या आठवड्यात फोन केलात तर तो उचलायलाही मोकळा नसतो.

दुसरा, आहेर काढणारं कुटुंब. याच्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे माल वापरणाऱ्याला तो कोणी विचारून देत नाही. टॉवेल-टोपी मानपानाची असते. घेणारा बघतो तो घडीचा टॉवेल, उलगडून जीएसएम कोणी मोजत नाही. त्यामुळे घडी ठसठशीत दिसणं, काठ उठून दिसणं, पिशवी स्वच्छ असणं यावर निर्णय होतो. ठरवणारी बहुतेक घरातली मोठी बाई किंवा भावकीतला जाणता माणूस, पैसे देणारा वेगळा, दुकानात येणारा तिसराच. निमित्त: तारीख धरली आणि यादी झाली. तुळशीच्या लग्नानंतर चौकश्या सुरू होतात. यादीचा आकडा शेवटपर्यंत हलत राहतो, आणि खरी भीती तिथेच असते. कमी पडले तर चारचौघांत शोभा, जास्त झाले तर पैसे अडकले. म्हणून "न फोडलेले नग लग्नानंतर आठ दिवसांत परत घेऊ, कमी पडले तर तोच माल दोन दिवसांत देऊ" हे वाक्य नगामागे पाच रुपये कमी करण्यापेक्षा जास्त काम करतं. परतीला मर्यादा घाला, समजा दहा टक्के, आणि ती बिलावर छापा. दुखवट्याच्या आहेराला हीच टॉवेल-टोपी लागते, पण तिथे गडबड त्याच दिवसाची असते, रंग-काठ साधे लागतात आणि बोलण्याचा सूर पूर्ण वेगळा. त्याला लग्नाच्या कॅटलॉगमध्ये अजिबात मिसळू नका. त्याचा वेगळा तयार मेसेज ठेवा: आत्ता शिल्लक काय, कुठे मिळेल, किती वाजेपर्यंत.

दुकानदार पार्टीचं पान छोटंच होतं: उधारी किती दिवसांची, त्याच गावात दुसऱ्याला माल देणार का, न खपलेला रंग बदलून देणार का. चादर घेणारा बाहेरगावचा माणूस, सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेला आलेला असो की देवदर्शन करून जाणारा, त्याला एकच शंका असते: ही खरंच सोलापूरची का? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, पण ते चिन्ह वापरायला उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद असेल तर चिन्ह पहिल्याच फोटोत दिसू द्या. नसेल तर आधी नोंद करा, तोवर मागावर चादर विणली जातानाचा व्हिडिओ दाखवा.

एक पान "नको असलेल्यांचं" पण करा. दहा ठिकाणी रेट गोळा करणारा, दोन नगांना होलसेल भाव मागणारा, पत्ता विचारला की गप्प होणारा. त्याच्याशी उद्धट वागायचं नाही, पण त्याच्यावर माणसाचा वेळ घालायचा नाही. तुमच्याकडे असे इतके का येतात, याला कारण आहे. व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या जाहिरातीत "जास्त संभाषणं" हे उद्दिष्ट ठेवलं की फेसबुक मेसेज करायची सवय असलेली माणसं शोधून आणतं. ती खरेदी करणारी असतील असं नाही. म्हणून जाहिरातीच्या पहिल्या ओळीनेच माणसं वेगळी झाली पाहिजेत. "सोलापुरी टॉवेल, होलसेल दरात, आजच संपर्क करा" ही ओळ सगळ्यांना बोलावते. "आषाढीआधी लॉजचे टॉवेल बदलायचेत? दोन नमुने पाठवतो, तुमच्याच मशीनमध्ये पाच वेळा धुऊन बघा. किमान १०० नग." ही ओळ लॉजवाल्यालाच थांबवते आणि बाकीचे पुढे सरकतात.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं पर्सोनाच्या नावाने करा: लॉज, आहेर, दुकान. प्रत्येकाला वेगळं तयार उत्तर ठेवा आणि "रेट सांगा" आलं की रेटच्या आधी एक प्रश्न जाऊ द्या: "लॉजसाठी, आहेरासाठी की दुकानासाठी?" उत्तर आलं की त्या पर्सोनाचा माल, फोटो आणि भाव पाठवा. लॉजवाल्याला घडीच्या रंगीत टॉवेलचे फोटो नकोत. त्याला नवा आणि वीस धुण्यांनंतरचा टॉवेल शेजारी-शेजारी दाखवा. आहेरवाल्याला पिशवीसकट शंभराचा ढीग दाखवा, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तोच असतो. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायची यादी) जास्तीत जास्त २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून बिल देताना नंबर सेव्ह करायला सांगा आणि मेसेज पाठवू का हेही तेव्हाच विचारा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे. कुठूनतरी विकत आणलेल्या नंबरांच्या याद्या वापरू नका.

परिणाम मोजताना घोळ होतो तो इथे. समजा आधी १०,००० रुपयांत २५० मेसेज आणि ५ ऑर्डरी यायच्या. मेसेज ४० रुपयांना पडला, ऑर्डर २,००० ला. नव्या जाहिरातीत तेवढ्याच पैशात ९० मेसेज आले आणि १२ ऑर्डरी झाल्या. मेसेज १११ रुपयांना पडला, म्हणून जाहिरातवाला म्हणेल महाग झाली, बंद करा. पण ऑर्डर ८३३ रुपयांना पडली आहे. म्हणून लेबलनुसार चार आकडे लिहा: चौकशी, नमुना गेला, ऑर्डर, दुसरी ऑर्डर. लॉजच्या बाबतीत नमुना ते ऑर्डर याला महिना-दीड महिना लागतो, तेव्हा पंधरा दिवसांत निकाल लावू नका. आहेरात मात्र पंधरा दिवस पुरेसे असतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. फोटो, भाव आणि मजकूर तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चार जणांनी केबिनमध्ये बसून लिहिलेला पर्सोना हा त्या चौघांचा अंदाज असतो. एआयला विचारून काढलेलाही तसाच: वाचायला गुळगुळीत, आणि हरियाणातल्या पानिपतच्या टॉवेल कारखान्यालाही तेवढाच लागू. मुलाखतींच्या नोंदी लावायला, प्रश्न सुचवायला त्याची मदत जरूर घ्या, गिऱ्हाईकाच्या जागी त्याला बसवू नका. दुसरी जागा म्हणजे सरासरी. एक लॉज १४४ नग घेतो, एक घर ६०, म्हणून "सरासरी ग्राहक १०२ नग घेतो" असा माणूस अस्तित्वात नाही. तिसरी, पान लिहिलं पण माल पाठवणाऱ्याला आणि फोन घेणाऱ्याला दाखवलं नाही. जाहिरातीत "तोच पांढरा पुन्हा मिळेल" म्हटलं आणि कारखान्यात लॉज-मालाचा वेगळा लॉट नंबर ठेवला नाही, तर दुसऱ्या ऑर्डरला तोंडावर पडाल. आणि दोन पर्सोनांमुळे माल, भाव, मजकूर, वेळ यातलं काहीच वेगळं करावं लागत नसेल, तर ते दोन नाहीत. एक करून टाका.

पान वर्षातून दोनदा तपासा: एकदा पावसाळ्यात लग्नं थांबली की, एकदा कार्तिकीनंतर लॉजवाले मोकळे झाले की. तेव्हा प्रत्येक गटातल्या दोन नव्या आणि एका तुटलेल्या पार्टीशी बोला, आणि त्यांच्या तोंडून आलेलं नवं वाक्य तारीख घालून त्याच पानावर लिहा. आत्ता सुरुवात करायची तर व्हॉट्सॲप उघडा, मागच्या दोन महिन्यांत रेट विचारून गप्प झालेले दहा जण काढा आणि त्यांना फोन करा. विकायला नाही, एवढंच विचारायला: शेवटी टॉवेल घेतले का, कुठून घेतले, आणि तिथूनच का.